सोड, हळू सोड

रूथचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. "आत्या, पप्पा गेले," ती म्हणाली. "झोपेतच." अशा वेळी माणूस कधी, कसं असं काहीतरी विचारतो. माझ्या तोंडून निघालं, "उजवा पाय कसा होता गं?" दुसरं कुणी असतं तर म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणालं असतं. रूथ मात्र बापाची लेक. म्हणाली, "सैल होता आत्या... अगदी सैल." मी ओल्या चादरीत तोंड खुपसून रडले. आणि खरं सांगते, त्या रडण्यात सुटल्यासारखंच जास्त वाटत होतं.

दादा म्हणजे शमुवेल, माझा थोरला भाऊ. नाशकात अर्धं आयुष्य त्याने लोकांना गाडी चालवायला शिकवलं. शिकवायच्या गाडीत बाजूच्या सीटपुढेही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. त्या ब्रेकवर दादाचा उजवा पाय इतकी वर्षं राहिला की पुढे ब्रेक नसला तरी तो दाबायचाच. रिक्षात दाबायचा, चांदवडच्या घाटात एसटीत बसून दाबायचा, पाळकांचं प्रवचन लांबलं की उपासनेतसुद्धा दाबायचा. गाडीतल्या मॅटला त्याच्या टाचेने भोक पाडलं होतं. आणि हाच माणूस शिकणाऱ्यांना दिवसभर सांगायचा, "सोड, हळू सोड. दाबायला काय, कोणीही दाबतं. क्लच सोडता आला पाहिजे." लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

त्याची प्रार्थनाही तशीच. शरणपूरच्या घरी शेजारपाजारचे प्रार्थनेला जमले की दादा डोळे मिटून देवाला रस्ता सांगायला लागायचा. "प्रभू, रूथला नोकरी दे, पण सातपूरला नको, लांब पडतं. गंगापूर रोडला दे. आणि साहेब सज्जन दे." एकदा वहिनी मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, "अहो, देवाला शिकाऊ परवाना दिलाय का तुम्ही?" सगळी प्रार्थना हसण्यात बुडाली. एकटा दादा हसला नाही. रूथने शेवटी नोकरीचा नाद सोडून बापाचाच धंदा शिकून घेतला, तरी हायवेवर तो तिच्या हाती गाडी देत नसे. पोरीला शहरात ठीक आहे, म्हणायचा.

मग चर्चच्या पायरीवरून घसरला आणि नेमका उजवा पाय मोडला. मांडीपर्यंत प्लॅस्टर. हाड लवकर जुळेना, आणि डॉक्टरांनी सांगून टाकलं, आता शिकवणं बंद. दादा चिडला. आधी डॉक्टरांवर, मग आमच्यावर, मग देवावर. "त्याच्याच पायरीवर पाडलं मला," म्हणाला. जेवणाआधीची प्रार्थना वहिनी करायची, हा खिडकीबाहेर बघत बसायचा. मला तेव्हा पायाची काळजी नव्हती. हाड आज ना उद्या जुळलं असतं. आपला भाऊ असाच रुसलेला, दात-ओठ खात एक दिवस जाणार, ही धास्ती होती. समर्पण हा शब्द आम्ही चर्चमध्ये लहानपणापासून इतक्या वेळा ऐकला होता की त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

अशातच मालेगावला नात्यातलं लग्न निघालं. शिकवायचीच गाडी, आणि ती रूथच चालवणार होती, दुसरं होतं कोण? दादा हट्टाने पुढेच बसला, सीट मागे सरकवून, प्लॅस्टरचा पाय लांब करून. मागे मी आणि वहिनी. नाशिक सोडल्यापासून त्याचं चालू होतं... हॉर्न दे, मागे राहा, आरसा बघ. चांदवडच्या अलीकडे कांद्याची एक ट्रॉली अचानक आडवी आली. दादा ओरडला, त्याचं सगळं अंग ब्रेककडे धावलं, पण पाय जागचा हलेना. आणि गाडी थांबली. ट्रॉलीपासून हातभर अंतरावर, सरळ रेषेत. ट्रॅक्टरवाला घाम पुसत म्हणाला, "लय भारी थांबवली ताई!"

रूथने गाडी कडेला घेतली. मग दादा हळूच म्हणाला, "मी दाबलाच नाही गं... तरी थांबली." परत म्हणाला, "तरी थांबली." आणि हुंदके देऊन रडायला लागला. बाबा गेले तेव्हासुद्धा मी त्याला असं रडताना पाहिलं नव्हतं. रडणं ओसरल्यावर त्याने डोळे मिटले. आता कोणता रस्ता सांगतोय देवाला, म्हणून मी कान टवकारले. दोनच शब्द म्हणाला, "प्रभू, सोडलं." वहिनीने नुसता त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

त्यानंतर तो संत झाला असं मुळीच नाही. स्वभावाला औषध नसतं. चहात आलं किती घालायचं हे तो शेवटपर्यंत सांगत राहिला. पण प्रार्थना बदलली. माणसांची नावं घ्यायचा आणि गप्प बसायचा, पुढचं त्याचं तो बघेल म्हणायचा. प्लॅस्टर निघालं, पाय बरा झाला, तरी धंदा त्याने रूथकडून परत मागितला नाही. हायवेवर तिच्या शेजारी बसून चक्क डुलक्या काढायचा. पुढे हृदयाचं दुखणं निघालं. शेवटच्या भेटीत मी विचारलं, "दादा, भीती वाटते का रे?" "वाटते ना," म्हणाला, "पण आता दाबत नाही मी." बोलताना तो हसत होता, आणि ते हसू मी घरी घेऊन आले.

परवा रूथ मला दफनभूमीत फुलं ठेवायला घेऊन गेली. त्याच शिकवायच्या गाडीत मी दादाच्या जागेवर बसले. मालेगावहून आल्यावर वहिनीने बदललेलं मॅट खाली होतं, टाचेच्या जागी कोरं करकरीत. ते बघून किती हलकं वाटलं म्हणून सांगू! तेवढ्यात गल्लीतून एक स्कूटर आडवी आली आणि माझाच पाय खाडकन ब्रेकवर गेला. गचका खाऊन गाडी बंद पडली. मी ओशाळून रूथकडे पाहिलं. तिने समोरच बघत, अगदी दादाच्या आवाजात म्हटलं, "सोड आत्या... हळू सोड."