खचलं म्हणायचं नाही

आपल्या घराचा दोष कबूल न करणारी माणसं मुंबईत गल्लोगल्ली सापडतील. पण घर डोळ्यांदेखत जमिनीत चाललेलं असताना त्याची तारीफ करणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. चारकोपला खाडीच्या भरावावर त्यांचं बैठं घर होतं. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा पायऱ्या चढून आत शिरलो होतो. पुढेपुढे रस्त्यावरून थेट आत, आणि शेवटी शेवटी चक्क उतरून. पण 'खचलं' हा शब्द मामांपुढे काढायची सोय नव्हती. "खचला नाय, जावयबापू, बसला! माणूस दमलो काय बसता ना? तसाच घर." चौकट वाकडी होऊन दार अडकू लागलं की मामा रंधा घेऊन त्याची खालची कड तासत. तासून तासून ते इतकं आखूड झालं, की बंद दाराखालून शेजारचं मांजर खुशाल ये-जा करी. "हवा खेळती रवता," मामा म्हणत. फरशीचा उतार नेमका त्यांच्या खुर्चीकडे. एका दिवाळीत मामींच्या हातून सुटलेला लाडू स्वयंपाकघरातून घरंगळत बाहेर आला, तो मामांनी जागचं न हलता उचलला आणि खाल्ला. बोरिवलीचा मुलगा काकुळतीला येई, "बाबा, माझ्याकडे चला ना. एक दिवस वाट लागेल तिथे." मामा उलट त्यालाच विचारत, "तुझा घर सातव्या माळ्यार. ता बसला तर?"

एका दुपारी मी तिथे जेवायला होतो. मामी ओट्याशी मासे तळत होत्या. एकदम धप्प आवाज झाला आणि फरशीसकट मामी कमरेपर्यंत खाली गेल्या. मामा ताटावरून उठून धावले, उष्ट्या हातानेच त्यांचा दंड धरला आणि ओरडले, "खचला! खचला गो!"

आम्ही दोघांनी ओढून त्यांना वर काढलं. पाय मुरगळला होता, बाकी ठीक. धापा टाकत मामी म्हणाल्या, "म्हटलात एकदाचा!"

संध्याकाळी मामांनी स्वतःच मुलाला फोन लावला.

आता दोघं बोरिवलीला असतात. परवा गेलो, तर मामी चहा टाकायला उठल्या. त्यांच्याआधी मामा लगबगीने स्वयंपाकघरात शिरले आणि ओट्यासमोरची एकेक फरशी पायाने दाबून पाहू लागले. मामी दारातच थांबल्या.

"रोजचाच आसा ता," त्या मला हळूच म्हणाल्या. "होऊंदे त्यांच्या मनासारखा."

मामांनी मान डोलावली, तेव्हा कुठे त्या आत गेल्या.