आज कशाचा वास?

औटे गुरुजी वर्गात आले की आधी हजेरी घेत नसत. खिडक्या सताड उघडत, खडू उचलत आणि आमच्याकडे वळून विचारत, "सांगा रे, आज कशाचा वास?" इतर शाळांत फळ्याच्या कोपऱ्यात सुविचार असतो. आमच्या फळ्यावर तिथे वास असे. सडकी अंडी. जळका रबर. नासका कोबी. पोरं सांगत आणि गुरुजी ते वळणदार अक्षरात लिहीत.

आमचं गाव चिकलठाण्याच्या कारखान्यांना खेटून होतं आणि शाळा तर एका औषधांच्या कंपनीच्या कुंपणालाच टेकलेली. माझे अब्बा शहागंजात अत्तर विकायचे, त्यामुळे वर्गात माझ्या नाकाला मोठा मान. पोरांचं एकमत होईना की गुरुजी म्हणत, "थांबा. सलीमला इचारा. त्यांच्या घरी नाकावर चूल पेटते." मी डोळे मिटून ऐटीत हुंगायचो. एकदा म्हणालो, "गुरुजी, आज पिकल्या केळ्यांचा. गोड येतोय." पोरं खूश झाली. गुरुजींनी तो वासही लिहिला, पण त्या दिवशी आम्हाला शाळेपासून लांबच्या लिंबाखाली नेऊन बसवलं. म्हणाले, "गोड वासाला जास्त भ्यावं, बाबा."

'प्रदूषणाचे प्रकार' हा धडा त्यांनी एका दमात संपवला. "हवा, पाणी, जमीन, आवाज. परीक्षेत एवढं लिहा, मार्क मिळतील." मग आम्हाला शाळेमागच्या विहिरीवर नेलं. पाण्यावर साबणासारखा फेस होता आणि शेजारच्या वाफ्यातली मेथी उगवतानाच पिवळी पडलेली. आम्हाला त्याचं काहीच वाटलं नाही, कारण ती आम्ही रोजच तशी बघत होतो. गुरुजी मात्र कळवळून बोलले, "सवय लई वाईट, पोरांनो. वास येतोय तवर नाक जितं हाय. येईना झाला तर हवा सुधारली समजू नका. आपुन मेलो समजा." कंपनी हलवण्याची ताकद आपल्यात नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांना फक्त आमची नाकं राखायची होती.

गावाला तेवढंही सोसलं नाही. एक दिवस सरपंच वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. "गुरुजी, उद्या कंपनीचे साहेब येणारेत. तेवढं फळ्यावरचं पुसा. आपल्या पोरायला पुढं तिथंच लावायचंय."

"मी मनानं लिहीत नाय. तुमचीच पोरं सांगतेत."

"पोरायला काय कळतंय?"

"कळतंय तेवढं तरी ऱ्हाऊ द्या की, सरपंच!"

दुसऱ्या दिवशी साहेब नाकाला रुमाल लावून आले. रुमालाला खसाचं अत्तर होतं, अगदी आमच्या दुकानात मिळायचं तसलं. फळ्यावरचा 'नासका कोबी' वाचून ते गोड हसले. पुढे लवकरच शाळेला काचेच्या नव्या खिडक्या मिळाल्या, कधीच न उघडणाऱ्या. गुरुजींना पाचोडची बदली मिळाली. गावानं पेढे वाटले ते खिडक्यांचे.

निरोपाला फक्त मी आणि अब्बा गेलो. अब्बांनी गुलाबाची कुपी पुढे केली. "रखो गुरुजी, हमारी याद."

गुरुजींनी ती कपाळाला लावली आणि परत दिली. "मन मोडत नाय तुमचं. पण वास झाकायची सवय लागंल मला."

निवृत्त झाल्यावर ते गावातच परतले. अब्बांमागे दुकान माझ्याकडे आलं होतं. एकदा भेटायला गेलो तर दारातच जळका दर्प. स्वयंपाकघरात दुधाचं पातेलं करपून कोळसा झालेलं, आणि गुरुजी ओसरीवर शांतपणे पेपर वाचत बसलेले. मी गॅस बंद करून बाहेर आलो. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "सलीम, आज कशाचा वास?"

वर्गात ते विचारायचे तेव्हा उत्तर त्यांना ठाऊक असायचं. आज नव्हतं. मी म्हणालो, "करपल्या दुधाचा, गुरुजी."

"आन् भायेर?"

"सडकी अंडी."

"येतोय ना तुला? मग झालं," म्हणाले आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

त्याच हिवाळ्यात ते गेले. शोकसभा शाळेतच ठेवली होती. खिडक्या बंद, दार उघडं, फोटोपुढे उदबत्त्यांचा अख्खा पुडा पेटवलेला. फळ्याच्या कोपऱ्यात रंगीत खडूनं लिहिलं होतं, 'शुद्ध हवा, निरोगी जीवन.' त्या दिवशी कंपनीनं काय सोडलं होतं कोण जाणे, माझं नाक झोंबत होतं. शेजारी बसलेल्या मुलीला मी विचारलं, "बेटा, आज कशाचा वास येतोय गं?"

तिनं गोंधळून इकडेतिकडे पाहिलं. "वास? कुठं काय, काका?" असं म्हणत तिनं बाहीनं डोळे पुसले. तिच्या मागची सगळी रांग डोळे पुसत होती. यांतल्या एकाही पोरानं औटे गुरुजींना वर्गात पाहिलेलं नव्हतं.

तेच सरपंच, आता म्हातारे झालेले, भाषणाला उभे राहिले. त्यांनी पोरांकडे हात केला. "बघा मंडळी," ते म्हणाले, "गुरुजींसाठी लेकरं कशी रडायलेत."