हीटपंप बंद ठेवला ते तीन दिवस

जुना गॅस हीटर तपासायला आलेल्या माणसाने त्याच्या कपाटाचं दार उघडलं, हातातलं मीटर आत धरलं आणि दोन पावलं मागे सरकला. मग त्याने गॅस बंद केला, हीटरला एक लाल टॅग अडकवला आणि मास्कमधून म्हणाला, "हा आता लावायचा नाही. कार्बन मोनॉक्साइड घरात येतोय."

"कधीपासून?" मी विचारलं.

"सांगता येत नाही, मेट. मागच्या हिवाळ्यापासूनसुद्धा असेल."

मागचा सगळा हिवाळा त्याच हवेत आम्ही झोपलो होतो. मी, बायको आणि आमची सात वर्षांची मुलगी. या वर्षी त्यात माझी आई होती. ती तीन महिन्यांसाठी म्हणून पुण्याहून ऑस्ट्रेलियात आमच्याकडे, क्रेगीबर्नला आली होती आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकली होती. शहात्तर वर्षांची, डायबिटीस असलेली. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात घरातली हवा बसली. एरवी हवेकडे कोण लक्ष देतं? मी नाकाने वास घेत घरभर फिरायचो, ज्या वायूला वासच नसतो त्याचा.

पहिला लॉकडाऊन जरा सैल झाला तेव्हा आम्ही हीटपंप बसवून घेतला. बसवणारा इथलाच, चार गल्ल्या सोडून राहणारा एक पंजाबी माणूस. आमच्या ओळखीच्या निम्म्या घरांत त्यानेच काम केलं होतं. गॅस नाही, ज्वाळा नाही, धूर नाही, फक्त वीज, असं त्याने दहादा सांगितलं. बाहेर, मागच्या भिंतीला लागून, कपाटाएवढं युनिट. तिथून छताच्या पोकळीत जाड नळ्या आणि प्रत्येक खोलीच्या छताला एक गोल झरोका, त्यातून गरम हवा येणार. बोळात, आमच्या बेडरूमच्या दारासमोर, छताला एक मोठी चौकोनी जाळी. सगळ्या खोल्यांतली हवा त्या जाळीतून परत आत ओढली जाते, पुन्हा गरम होते आणि पुन्हा खोल्यांत जाते.

भिंतीवरच्या कंट्रोलरवर त्याने मला खोल्या चालू-बंद करून दाखवल्या. "एक खोली हमेशा खुली रहेगी, भाईसाब," तो म्हणाला, "नहीं तो मशीन पे प्रेशर आएगा. मैंने आपका बड़ा बेडरूम रखा है."

मी मान डोलावली. तेव्हा त्यात विचार करण्यासारखं काही वाटलं नाही.

पहिल्याच आठवड्यात मी त्या यंत्राला घाबरलो. सकाळी सातला मागच्या गवतावर दहिवर गोठून पांढरं पडलं होतं. मी चहा ठेवत होतो आणि गरम हवा एकदम थांबली. बाहेर सूंऽऽ असा मोठा आवाज झाला. खिडकीतून बघितलं तर युनिटमधून पांढरे लोट उठत होते, छपरापर्यंत. मी अनवाणी धावलो, मीटरच्या पेटीतलं बटण खाली पाडलं आणि मुलीला ओरडून सांगितलं, आजीला घेऊन पुढच्या दाराने बाहेर जा. दोघी ड्राइव्हवेवर कुडकुडत उभ्या राहिल्या. मी त्या पंजाबी माणसाला फोन लावला. तो खूप हसला. थंडीत युनिटवर बर्फ धरतो, मशीन तो स्वतःच वितळवतं, ती नुसती वाफ आहे, दहा मिनिटांत परत चालू होतं, म्हणाला. आणि मग, "आप तो बहुत डर गए, भाईसाब!"

पुढच्या रविवारी आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, 'काय रे, वाफेला घाबरून आईला रस्त्यावर काढलंस म्हणे.' त्यावर हसऱ्या तोंडांची रांग. मीही एक हसरं तोंड टाकलं. पण मनात एक गोष्ट नोंदून ठेवली: या माणसाला फोन केला की गावभर होतं.

बायको वृद्धाश्रमात नर्स होती. जुलैत, इथल्या ऐन हिवाळ्यात, कोविडची दुसरी लाट आली ती बरोबर अशाच ठिकाणी शिरली. रोज शिफ्टहून आल्यावर ती गराजमध्ये कपडे बदलायची, तिथून थेट आंघोळीला जायची आणि मग लांबूनच मुलीला हात करायची. एका दुपारी तिचा फोन आला. आवाज अगदी सपाट होता.

"माझी टेस्ट पॉझिटिव्ह आली. मी येतेय. आईंना मागच्या खोलीत ठेव आणि दार लावून घे. पिल्लूला तुझ्यापाशी ठेव. मी कुणाशी न बोलता आत जाणार आहे."

ती आली आणि मोठ्या बेडरूममध्ये गेली, कारण त्या खोलीला बाथरूम होतं. दार लागलं. मी दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबला. आणि उठताना माझी नजर वर गेली. डोक्यावर ती चौकोनी जाळी होती आणि ती हवा ओढत होती. तिच्या दाराच्या अगदी समोर.

मी कंट्रोलरशी झटापट केली. तिची खोली बंद होईना. कायम उघडी ठेवलेली ती हीच खोली. म्हणजे तिच्या खोलीत हवा जाणार, दाराच्या फटींतून बाहेर येणार, जाळीतून वर जाणार आणि आईच्या डोक्यावरच्या झरोक्यातून खाली उतरणार. मला ते डोळ्यांसमोर दिसायला लागलं. मी तिला फोन लावला, एकाच घरात, दोन भिंतींच्या अंतरावर.

"मी हीटपंप बंद करतोय."

"वेडा आहेस का?" तिला धाप लागत होती. "आईंना थंडी सोसायची नाही. माझी खोली बंद कर फक्त."

"होत नाहीये ना ती बंद!"

"मग त्या माणसाला विचार."

त्याला विचारायचं म्हणजे सांगावं लागणार, घरात काय झालंय ते. मग ग्रुपवर येणार. मग मुलीच्या शाळेतल्या आया, आईची भिशीची फोनवरची मंडळी, पुण्यातला भाऊ, सगळीकडे. त्या आठवड्यात कुणाच्या तरी घरी लागण झाली म्हणून लोकांनी त्यांच्या दाराशी सामान ठेवायलाही नकार दिला होता, हे मी वाचलं होतं. मी विषाणूला घाबरलो होतो, यंत्राला घाबरलो होतो, आणि खरं सांगायचं तर लोकांनाही तेवढाच घाबरलो होतो.

"तुझं तू बघ," ती म्हणाली. बोलायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. मी बटण बंद केलं.

घरात एकच छोटा पंख्याचा हीटर होता. बायकोला हुडहुडी भरत होती म्हणून तो मी तिच्या दाराशी ठेवला. आईला दोन दुलया दिल्या, माझं जाड जॅकेट, कानटोपी, दोन-दोन मोजे आणि गरम पाण्याची पिशवी. नवा हीटर ऑनलाइन मागवला तर आठ दिवस लागणार होते, आणि आम्हाला कोणालाच घराबाहेर पाऊल टाकायची परवानगी नव्हती. मुलगी आणि मी हॉलमध्ये एकाच पांघरुणात झोपायचो.

तीन दिवस मी दोन दारांमध्ये फिरत होतो. बायकोच्या दाराशी ताट ठेवायचं, मागे व्हायचं, तिने ऑक्सिमीटरवरचा आकडा फोनवर सांगायचा. चौऱ्याण्णव. त्र्याण्णव. पुन्हा चौऱ्याण्णव. त्या आकड्यावर माझा सगळा जीव टांगलेला होता. आईच्या दाराशी ताट ठेवायचं आणि बाहेरूनच विचारायचं.

"आई, थंडी वाजतेय का गं?"

"नाही रे, मी आपली मस्त आहे पांघरुणात. सूनबाईंकडे बघ तू."

ताटात पोळी तशीच यायची. मी म्हटलं, काळजीने जेवण जात नसेल. मलाही कुठे जात होतं?

तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगी कंट्रोलरसमोर उभी होती. यंत्र बंद असलं तरी त्यावर घरातलं तापमान दिसायचं. "बाबा, इट सेज इलेव्हन," ती म्हणाली. मी हो म्हटलं आणि चहा घेऊन आईच्या दाराशी गेलो. हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. आतून काहीतरी पुटपुटल्यासारखं आलं.

मुलगी माझ्या मागे आली होती. "आजी काल पण फनी बोलत होती," ती म्हणाली. "शी कॉल्ड मी ताई."

मी दार उघडलं. तीन दिवसांत पहिल्यांदा. आई पलंगावर कुशीवर पडली होती. दुलई खाली घसरली होती आणि ती वर ओढायचं तिला सुचलं नव्हतं. ओठ करडे दिसत होते. मी तिचा हात धरला. माणसाचा हात इतका गार असू शकतो हे मला माहीत नव्हतं. ती थरथरतही नव्हती. माझ्याकडे बघून ती जड जिभेने म्हणाली, "दूधवाला येऊन गेला का?"

मला वाटलं, झालं. लागण झाली. मी सगळं करूनही झाली.

अँब्युलन्सला फोन करताना घरचा पत्ता मी दोनदा चुकीचा सांगितला. बायको बंद दाराच्या आतून ओरडत होती, "काय झालं? साखर बघ आधी त्यांची! बोटाला टोच! साखर खाली असेल तर हिरडीला मध चोळ, गिळायला काही देऊ नकोस!" मी टोचलं. साखर खूप खाली होती. मी मध आणून बोटाने तिच्या हिरड्यांना चोळला. मुलगी दाराशी रडत उभी होती आणि तिला जवळ घेण्याचंही मला सुचलं नाही.

अँब्युलन्समधून दोघं आली, डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली, काचेआड चेहरे. त्यातल्या बाईने आईचं तापमान घेतलं, परत घेतलं आणि साथीदाराला आकडा सांगितला. चौतिसाच्याही खाली. त्यांनी तिला चकचकीत चंदेरी कागदात गुंडाळलं, सुई लावली. मी विचारत होतो, कोविड आहे ना, श्वास कसा आहे, कोविडच आहे ना?

"टेस्ट करतील हॉस्पिटलमध्ये," बाई म्हणाली. "पण आत्ता तरी त्या फार गारठल्यात आणि साखर उतरलीय." मग तिने आजूबाजूला बघितलं. तोंडातून वाफ निघत नव्हती एवढंच. "हे घर गोठलंय. हीटर बिघडलाय का तुमचा?"

"नाही," मी म्हटलं. "नवाच आहे."

तिने पुढे काही विचारलं नाही. स्ट्रेचर गेलं. मला बरोबर जाता येणार नव्हतं. मी दारात उभा राहिलो आणि समोरच्या घराचा पडदा हलला ते बघितलं. तेव्हा कोणाला काय कळेल याची भीती पार निघून गेली होती. तिच्या जागी जी आली होती ती फार मोठी होती.

मी आत येऊन त्या पंजाबी माणसाला फोन केला. सगळं सांगितलं. या वेळी तो हसला नाही. "ओहो, भाईसाब," एवढंच म्हणाला आणि मग शांतपणे एकेक सांगत गेला. बायकोला सांगा, झरोक्याच्या मधली चकती हाताने फिरवा, तो बंद होतो. वर प्लास्टिक लावून टेप मारा. तिच्या खोलीची खिडकी चार बोटं उघडी ठेवा, म्हणजे तिथली हवा बाहेर जाईल. मशीनवर दाब येऊ नये म्हणून हॉलचे झरोके कायम उघडे ठेवा, तेवढं सेटिंग मी फोनवर सांगतो. बायकोने तापातच खुर्चीवर चढून टेप मारला. सगळ्या कामाला वीस मिनिटंही लागली नाहीत. बटण दाबलं, छतातून हवा आली, आणि मी हॉलमध्ये खाली बसून मुलीला मांडीवर घेऊन रडलो.

संध्याकाळी त्याने आमच्या दाराशी विजेवर चालणारे दोन तेलाचे हीटर आणि राजमा-चावलाचा डबा ठेवला आणि रस्त्यावरून हात केला. ग्रुपवर त्याबद्दल एक अक्षर आलं नाही.

आई आठ दिवस हॉस्पिटलमध्ये होती. पहिले दोन दिवस ती ओळखेल की नाही याची खात्री कोणी देत नव्हतं. नर्स टॅबलेट धरायची आणि मी स्क्रीनवर तिच्या कपाळाकडे बघत बसायचो. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "इथे चहा फार पाणचट आहे," आणि मी फोन बाजूला ठेवून बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आलो. तिची टेस्ट दोनदा झाली. दोन्ही वेळा निगेटिव्ह. मुलीची आणि माझीही. ज्या हवेला मी घाबरलो होतो तिने आम्हाला काही केलं नव्हतं. आईला आजारी केलं ते मी.

बायको बरी झाली, चव मात्र तिला दिवाळीपर्यंत आली नाही. हे कसं झालं याबद्दल ती मला एकदाही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आई घरी आल्यावर दोन दिवसांनी मीच विषय काढला. ती पलंगावर बसून मटार सोलत होती.

"मी रोज विचारत होतो गं, थंडी वाजतेय का. तू नाही म्हणायचीस."

"मी नाहीच म्हणणार," ती म्हणाली. "घरात सून आजारी, पोर लहान, तू एकटा. मी काय म्हणणार होते?" तिने एक शेंग सोलली. "पण तू कशाला ऐकलंस? दार उघडून बघायचं होतंस."

"घाबरलो होतो."

"ते दिसतच होतं," ती म्हणाली आणि मटाराचं भांडं माझ्या हातात दिलं.

विमानं सुरू होईपर्यंत पुढचं दीड वर्ष ती आमच्याकडे राहिली. त्या काळात मी तिला थंडी वाजते का असं पुन्हा विचारलं नाही. दिवसातून चार वेळा ऑनलाइन मीटिंगमधून उठायचो, तिच्या खोलीत जायचो आणि तिचे हात माझ्या हातांत धरून बघायचो. ती वैतागायची. "सारखा काय हात धरतोस रे, कामं नाहीत का तुला?"

कामं होती. मी थोडा वेळ आणखी धरून ठेवायचो.