सगळ्यांदेखत धरलेला हात

मिरची जळल्याचा ठसका लागला की मला पासली गावातलं आमचं खळं दिसतं. देश अजून स्वतंत्र व्हायचा होता. भाताची झोडणी चालली होती. डोंगरावरून भारे उतरवणारी माझी धडधाकट वहिनी अचानक हातातली पेंढी टाकून छाती धरून बसली. अंग घामानं चिंब आणि हात थंडगार.

“वन्सं, म्या मरते! दम येईना!” ती मला म्हणाली. मी खळ्यावरच्या बायकांना हाका मारल्या.

“झपाटलंय हिला,” म्हणत बायकांनी मिरच्यांची धुरी आणली. ती आणखीच घुसमटली. तेवढ्यात दादानं निखाऱ्यांचं खापर लाथेनं उडवलं आणि सगळ्यांदेखत तिचे हात हातात घेतले. थोरांपुढं बायकोशी कधी न बोलणारा माझा भाऊ!

“म्या हितं हाय. माज्यासंगं हळू दम सोड.”

“लाज न्हाई व्हय तुला?” आई ओरडली. मीही मान खाली घातली. तो हलला नाही. हळूहळू वहिनीचं थरथरणं थांबलं.

याला आता डॉक्टर पॅनिक अटॅक म्हणतात. तेव्हा आम्हाला धक्का बसला तो दादाच्या धीटपणाचा; वहिनीची भीती दादाशिवाय कुणाला दिसलीच नाही.

पुढंही तिला तसं व्हायचं. तेव्हा आईच बांधावर जाऊन दादाला हाक मारायची, “आरं, धाव, तिचा हात धर!”