टेलरच्या शेजारची जागा

चर्चच्या कारकुनाने चहाचा कप दफनभूमीच्या नकाशावर ठेवला, ही त्याची पहिली चूक. कप कलंडल्यावर त्याने ओल्या फडक्याने नकाशा पुसला, ही दुसरी. आणि तो लवकर वाळावा म्हणून त्यावरून गरम इस्त्री फिरवली, ही तिसरी. चौथी करायला कागदच उरला नाही. ऐंशी वर्षांपूर्वी कुणीतरी शाईने काढलेला एकुलता एक नकाशा तो. एका सकाळीत तीनशे बारा माणसं बेपत्ता झाली, आणि तीही आधीच मेलेली.

फादर रागावले नाहीत. टेबलावर उरलेल्या इस्त्रीच्या आकाराच्या डागाकडे बराच वेळ बघून म्हणाले, "शनिवारपर्यंत नवा करा, मी सही करतो. खड्डेमामांना घेऊन जा."

खड्डेमामा म्हणजे कबरी खणणारे. छत्तीस वर्षं हेच काम. माणूस भेटला की त्यांची नजर आधी त्याच्या डोक्यापासून पायापर्यंत जायची, नमस्कार नंतर. मापाची सवय, दुसरं काही नाही. पण त्यामुळे लग्नाकार्यात त्यांच्या शेजारी उभं राहायला कुणी धजत नसे. मामी तर म्हणायची, "माझ्याकडे असं लांबीने बघू नका हो. रुंदीने बघा, तीच वाढलीय."

त्यांचं खरं हत्यार फावडं नव्हे, सळई. पाच हात लांब, मुठीपाशी हाताने गुळगुळीत झालेली. खणण्याआधी ती जमिनीत सारायची आणि कान मुठीला लावायचा. माती असेल तर खस्स, दगड असेल तर खण्, शवपेटीचं लाकूड असेल तर ठक्.

"ठक् आलं की सॉरी म्हणायचं आणि सळई काढून घ्यायची," मामा म्हणाले. "न विचारता कुणाच्या घरात डोकावल्यासारखं होतं ते."

भर दुपारी दोघं कामाला लागले. आभाळ भरलेलं, पान हलत नव्हतं. एरवी तिथे पाखरांचा कलकलाट असे. आज एकही पाखरू नव्हतं, हे कारकुनाच्या उशिरा लक्षात आलं. मामा मात्र चाळीतल्या बिऱ्हाडांची ओळख करून दिल्यासारखे पुढे चालले होते. "हे पोस्टमास्तर. ही त्यांची सासू, मुद्दाम लांब ठेवलीय. इथे सळई टाकू नका, याला झोप कमी." कारकून हसला. मामा हसले नाहीत.

टेलरच्या दगडापाशी ते थांबले.

टेलर आणि बूटवाला बत्तीस वर्षं एकाच दाराच्या दुकानात होते. एक वरून शिवायचा, दुसरा खालून. मधला माणूस ज्याने त्याने सांभाळावा, असं गिऱ्हाईकं म्हणायची. वरच्या मजल्यावर एकच खोली, एकच पलंग. ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. सहा वर्षांपूर्वी टेलर गेला. तेव्हा पुरण्याची परवानगी एका पुतण्याकडून मागवावी लागली. त्या पुतण्याने काकाला कधी पाहिलंही नव्हतं. बूटवाल्याने फॉर्मवर 'भागीदार' म्हणून सही केली. आता बूटवालाही अंथरुणाला खिळला होता. डॉक्टरांनी आठवडा सांगितला होता आणि त्याचं मागणं एकच होतं, टेलरच्या शेजारी जागा. चर्चच्या कमिटीने अर्ज दोनदा परत पाठवला. शेजारी फक्त नवरा, बायको किंवा रक्ताचं माणूस. शिवाय तिथे जागा दीडच हात.

म्हणूनच गेल्या रविवारी चर्चच्या दाराशी सह्यांचा कागद पुढे आला तेव्हा मामांनी पेनाला झाकण लावून ते परत ठेवलं होतं. दोन पुरुषांच्या किंवा दोन बायकांच्या लग्नाला कायद्याने मान्यता देऊ नये, असा तो कागद.

"फादर, ही लग्नं आपल्याकडे लावा असं कुणी म्हणतंय का?"

"नाही मामा. सरकारी कचेरीत."

"मग टेबल त्यांचं, शिक्का त्यांचा. आपलं काय अडतं?"

"लग्न देवाने घालून दिलंय. पुरुष, बाई, त्यांची मुलंबाळं. कायदा बदलला की लोकांच्या मनातलं लग्नही बदलतं."

"मागच्या महिन्यात सत्तरीतल्या दोघांचं लावलंत. त्यांच्या बारशाची वाट बघायची का?"

फादरांनाही हसू आलं. मग ते सावकाश म्हणाले, "देवाचं वचन मी सोयीने वाकवू शकत नाही."

"नका वाकवू. तुमच्या दारात तुम्ही धरून ठेवा. कचेरीच्या दारात आपण कशाला आडवं पडायचं? घटस्फोट आपण मानत नाही, कायदा मानतो. त्याच्याविरुद्ध सह्या घेतलेल्या मी तरी बघितल्या नाहीत."

फादरांनी कागद सरळ करून ठेवला. माणूस वाईट नव्हता. वरून पत्र आलं होतं, आणि वरच्या पत्राला खालून काय उत्तर द्यायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

आता मामांनी सळई कारकुनाच्या हातात दिली. "दगडाच्या बरोबर मधोमध टाका."

कारकुनाने रेटली. खस्स. सळई मुठीपर्यंत आत गेली, खाली नुसती माती.

"एक वीत डावीकडे."

खस्स.

"अजून."

ठक्. आणि पाठोपाठ, त्याने हात काढलेला असताना, सळईची मूठ हळूच थरथरली.

"मामा, ही पेटी मधोमध होती ना?"

"खाली सोडताना दोरी माझ्याच हातात होती. दरवर्षी बघतो मी. वर्षाला चार बोटं सरकतो हा."

"जमीन सरकत असेल. उतार आहे."

मामांनी कारकुनाच्या कानावरची पेन्सिल काढून दगडावर आडवी ठेवली. ती घरंगळत उजवीकडे खाली पडली. पेटी डावीकडे गेली होती, चढाच्या बाजूला. पलंगावर दुसऱ्याला जागा करून देताना माणूस भिंतीकडे सरकतो, तशी.

कारकुनाने टेप लावली. खात्री पटेना, म्हणून दोनदा लावली. पेटीच्या उजवीकडे आता अडीच हात जागा होती. बूटवाला तर सडपातळच. मामांनी त्याचं माप कधीच नजरेने घेतलेलं असणार.

पेन्सिल उचलून त्याने नव्या नकाशावर चौकोन आखला, आत बूटवाल्याचं नाव लिहिलं. खालच्या यादीत नाव भरलं, जागा भरली, शेजारी कोण तेही भरलं. शेवटच्या रकान्याशी पेन्सिल थांबली. शनिवारी याच कागदावर फादरांची सही व्हायची होती.

"जागा तर झाली, मामा. पण नात्याच्या रकान्यात काय लिहू?"

"नवरा."