अंधार शोधणारे श्यामकांतराव

माणसं हिंडतात ती हवापालटासाठी, देवदर्शनासाठी, फार तर मुलीसाठी स्थळ बघायला. अंधार शोधत हिंडणारा माणूस मी एकच पाहिला. श्यामकांत आठल्ये.

भवानीपुरात आमच्या वरच्या मजल्यावर ते आणि कालिंदीवहिनी राहायला आले एकोणपन्नास साली, नागपूरहून बदली होऊन. केंद्र सरकारच्या हिशेबखात्यात अधिकारी. मूळ गाव गुहागरजवळ, समुद्रकाठी. मूलबाळ नाही. माझा जन्म इथलाच, आजोबांपासून आम्ही कलकत्तेकर. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. बदलीवर येणाऱ्या मराठी माणसांना बाजारापासून दवाखान्यापर्यंत बंगालीत बोलून देणारं कोणीतरी लागतं. ते काम आमच्या घराकडे वंशपरंपरेने चालत आलेलं, आणि घरात माझ्याकडे. माझं तोंड फटकळ आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, तशी निवडही नसते.

श्यामकांतरावांना ताऱ्यांचा नाद होता. दुर्बीण नव्हती. "देवाने दोन दिल्यात, त्या पुरे आहेत," म्हणायचे. त्यांच्या लग्नात भटजींनी भरदुपारी मांडवाच्या छताकडे बोट दाखवून नवरीला "अरुंधती पाहा" म्हटलं, तेव्हा या नवरदेवाने "कुठाय? मलाही दाखवा" म्हणून वाद घातला होता. मग रात्री पंगती उठल्यावर नवरीला अंगणात नेऊन सप्तर्षींतला वसिष्ठ आणि त्याला अगदी खेटून असलेली बारीकशी अरुंधती खरोखरीची दाखवली होती. वहिनी हे नेहमी तक्रारीच्या सुरात सांगायच्या. पण सांगायच्या मात्र नेहमी.

कलकत्त्याचं आकाश त्यांना पहिल्यापासून पसंत नव्हतं. दिवेलागणीला घरोघर कोळशाच्या चुली पेटतात, त्यांचा धूर गल्लीतच बसतो. खिदिरपूरच्या गोदीकडे आभाळ तांबूस. हावड्याकडे बघायलाच नको. मी त्यांना एकदा म्हटलंही, "तुम्ही उशिरा आलात. युद्धात ब्लॅकआउट होता तेव्हा याच गच्चीवरून ढीगभर तारे दिसायचे. फक्त वर बघायची कोणाची छाती नव्हती." त्यावर ते खिन्न झाले. माणसाला खिन्न व्हायला काय काय कारणं पुरतात, असं मला वाटलं.

त्रेपन्न सालच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका संध्याकाळी मी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होते. ही दोघं उत्तरेच्या कठड्याशी उभी होती. श्यामकांतराव म्हणाले, "वसिष्ठ दिसतोय, पण अरुंधती काही सापडत नाही. तुला दिसते का गं?"

वहिनी जरा थांबून म्हणाल्या, "नाही. मलाही नाही दिसत."

"बघा सरोजताई, तुमचं शहर," ते मला म्हणाले. "जुनी माणसं म्हणतात, ज्याला अरुंधती दिसेनाशी झाली तो सहा महिन्यांचा सोबती. त्या हिशेबाने अख्खं कलकत्ता दिवाळीपर्यंत आटोपायला हवं."

मी हसले. वहिनी हसल्या नाहीत. माझ्या खांद्यावर कपड्यांचा ढीग होता आणि भात चुलीवर होता, त्यामुळे मी वर पाहिलंच नाही.

तिथून त्यांचं अंधार शोधणं सुरू झालं. दर अमावस्येच्या आसपास कुठेतरी जायचं. वहिनी बरोबर, आणि बोलायला मी. पहिल्यांदा बजबजला गेलो. लोकल गाडीतून उतरलो तर समोर तागाच्या गिरण्यांची धुराडी, नदीकाठी तेलाच्या टाक्या आणि टाक्यांवर दिवे. ते एका लाकडाच्या ओंडक्यावर बसले आणि तासभर वर बघत राहिले. मी डास मारले. परतीच्या गाडीत वहिनी खिडकीला डोकं टेकून झोपल्या, म्हणजे मला तेव्हा तसं वाटलं.

मग डायमंड हार्बर. तिथे नदी समुद्रासारखी रुंद होते, वस्ती विरळ. मला वाटलं, आता तरी हे समाधानाने घरी बसतील. पण नाही. त्यांनी मला भूगोल शिकवला. "आपण कलकत्त्याच्या दक्षिणेला आलो, म्हणजे शहराचा सगळा उजेड कुठे राहिला? उत्तरेला. आणि सप्तर्षी कुठे? उत्तरेला. नदीच्या वाटेने जाल तेवढं हे भांडण राहणारच. फार लांब जायला हवं, नाहीतर दिशाच बदलायला हवी." मी म्हटलं, "दिशा बदलण्यापेक्षा नाद बदला." ते नुसते हसले.

त्या वर्षात ते फार थकलेले दिसायला लागले. ट्रामच्या पायरीवर अडखळायचे. जिन्यात कोणी बाजूने आलं तर दचकायचे. एकदा आमच्याकडे चहा घेताना त्यांनी कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवला आणि फोडला. आम्ही सगळे म्हणालो, कचेरीचं काम वाढलंय. वहिनीही म्हणायच्या, तंद्री लागते यांना. वहिनी तर त्यांच्याहून थकलेल्या होत्या. रंग उतरला होता, दर सोमवारी निर्जळी उपास धरला होता, कशासाठी ते सांगत नव्हत्या. मला स्वतःला त्या दोघांचा आणि त्यांच्या अमावस्यांचा कंटाळा आला होता. पण नाही म्हणवेना.

चौपन्नच्या वसंतात त्यांनी दिघ्याचं काढलं. दिघा म्हणजे तेव्हा कोळ्यांची वस्ती, सुरूची झाडं आणि रेती, एवढंच. कलकत्ता पार ईशान्येला, पुष्कळ दूर. माझ्या शाळेतल्या एका बाईंचं माहेर काँथीला होतं, तिथून दिघ्याला बस जात असे. मी म्हटलं, ईस्टरच्या सुट्टीत जाऊ. तर ईस्टर म्हणे नेहमी पौर्णिमेच्या मागोमाग येतो, चांदण्यात काय बघणार! शेवटी पाडव्याच्या आदल्या दिवशीची अमावस्या ठरली. ऐन सणाला घर सोडायचं म्हणून वहिनी कुरकुरतील असं मला वाटलं होतं. त्यांनी मुकाट्याने दशम्या बांधल्या.

गाडी, मग बस, मग दुसरी बस, मग रेतीतून पायी. पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. एका कोळ्याच्या अंगणात सामान टाकलं, त्याच्या बायकोला दिवा आत न्यायला सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला कारण समजावून सांगायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. मी म्हटलं, बाबूंचे डोळे दुखतात. तिने लगेच दिवा आत नेला.

पुरता अंधार पडल्यावर आम्ही किनाऱ्यावर गेलो. एवढा प्रवास करून समुद्राजवळ आलो आणि त्याच्याकडे पाठ करून उभे राहिलो, कारण सप्तर्षी झाडांच्या बाजूला उगवले होते.

मी वर पाहिलं. इतकी वर्षं भूगोल शिकवला, फळ्यावर खडूने ठिपके काढून सप्तर्षी दाखवले, पण असं आकाश मी पाहिलं नव्हतं. मला खरोखर भरून आलं. एवढ्या ताऱ्यांत ओळखीचे सात शोधायलाच वेळ लागला. मग शेपटीतला मधला तारा सापडला, आणि त्याला खेटून दुसरा, बारीक पण स्वच्छ.

श्यामकांतराव शेजारी उभे होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "छे. इथेही धुकं आहे. समुद्राची वाफ असणार."

"धुकं?" मी म्हटलं. "अहो, कसलं धुकं? मला आयुष्यात पहिल्यांदा अरुंधती दिसतेय. मला, चष्मेवालीला."

माझ्या दंडावर वहिनींचा हात पडला तेव्हा माझं बोलून झालं होतं.

श्यामकांतरावांनी अगदी शांतपणे विचारलं, "कालिंदी, तुला दिसते?"

"दिसते," वहिनी म्हणाल्या.

"आणि घरी? गच्चीवरून?"

"रोज नाही. पण स्वच्छ असलं की दिसायची. त्या दिवशीही दिसत होती."

ते रेतीत खाली बसले. बसताना हाताने जमीन चाचपली, हे मी प्रथमच नीट पाहिलं. वर्षभर आम्ही ज्याला तंद्री म्हणत होतो ती तंद्री नव्हती, हे मला तिथे कळलं.

"मग सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगू?" वहिनी म्हणाल्या. "तुम्ही हसत म्हणालात सहा महिने. मला हसू आलं नाही. माझ्या आजोबांचं तसंच झालं होतं, आमच्याकडे सगळे सांगतात. मला दिसते आणि तुम्हाला दिसत नाही, हे तोंडातून बाहेर काढलं की ते खरं होईल असं वाटलं. म्हटलं, दोघांनाही दिसत नाही, तर धुराचाच दोष."

"सहा महिने तर दिवाळीतच संपले, कालिंदी. तेव्हा तरी सांगायचंस."

"संपले तेव्हा वाटलं, आता सांगितलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतील."

यावर ते रागावतील असं मला वाटलं होतं. भटजींशी भर मांडवात भांडलेला माणूस. पण त्यांनी फक्त हात पुढे केला, आणि तो वहिनींच्या बाजूला नव्हता, थोडा भलतीकडेच होता. वहिनींनी जवळ सरकून तो धरला. मी समुद्राकडे तोंड केलं आणि तशीच उभी राहिले. मागे दोघं फारसं बोलत नव्हती. एकदा श्यामकांतराव म्हणाले, "म्हणजे एवढे दिवस जागा चांगल्याच होत्या म्हणायच्या," आणि त्यांचं त्यांनाच हसू आलं. वहिनी रडत होत्या.

पाडव्याची गुढी त्या वर्षी उभारली गेली नाही. सकाळची पहिली बस धरून आम्ही निघालो.

चौरंगीजवळ डोळ्यांचे एक मोठे डॉक्टर होते. त्यांच्याकडे मीच घेऊन गेले. अंधाऱ्या खोलीत त्यांनी पुष्कळ वेळ तपासलं, भिंतीवरच्या ठिपक्यांकडे बघायला लावलं, कुठे दिसतो, कुठे दिसत नाही ते विचारलं. मग दिवा लावून हात पुसत ते बोलले. इंग्रजीत बोलले, कारण समोर अधिकारी होता. काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. कडेचं सगळं गेलंय, मधलंही मंद झालंय. गेलेलं परत येत नाही. थेंब देतो, उरलंय ते किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही. वर्षभर आधी आला असतात, तर पुष्कळ वाचवता आलं असतं.

"वर्षभर आधी," हे त्यांनी दोनदा म्हटलं. वाईट हेतूने नाही. शाळेत नापास झालेल्या मुलाच्या बापाला मीही असंच सांगते.

वहिनींना इंग्रजी येत नव्हतं. भिंतीशी खुर्चीत त्या छत्री दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या आणि डॉक्टरांच्या ओठांकडे बघत होत्या. श्यामकांतरावांनी चिठ्ठी घडी करून खिशात घातली. खुर्चीतून उठताना ते मेजाला धडकले नाहीत, हळूच कडेने आले.

"काय म्हणाले डॉक्टर?" वहिनींनी विचारलं.

"म्हणाले, अगदी वेळेवर आलात."

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे वळल्या. मी कोणाचं मन राखायला गोड बोलत नाही, हे त्यांना पाच वर्षांत पक्कं ठाऊक झालं होतं. नवऱ्याच्या शब्दापेक्षा माझ्या शब्दावर त्या थांबल्या होत्या.

"हो वहिनी," मी म्हटलं. "असंच म्हणाले."