ब्रह्मस्थानातला खांब

“मॅडम, तेवढा एक खांब काढलाय,” चहाचा कप माझ्यापुढे करत रावसाहेब म्हणाले. ताटातला लाडू उचलावा इतक्या सहज.

देवळाली प्रवरातली त्यांची साइट. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर, डिझाइन माझं. खाली रावसाहेबांचं घर, वर दोन मजले स्पर्धा परीक्षेच्या पोरांची अभ्यासिका. स्लॅबची सेंटरिंग लागली होती आणि खाली मधला खांबच नव्हता. पायातून वर आलेल्या सळया वाकवून मुरमाखाली गाडल्या होत्या.

“वास्तुवाले म्हनले, ब्रह्मस्थानात खांब न्हाई पाहिजे. घराचा मधला भाग मोकळा लागतो. वरच्या मजल्यांवर घेनार हाय की खांब!”

याला आम्ही फ्लोटिंग कॉलम म्हणतो. वरचा खांब जमिनीपर्यंत येतच नाही, नुसता बीमच्या पाठीवर बसतो. भूकंपात जमीन आडवी हलली की आधी तिथेच मोडतं. माझं डोकं फिरलं.

“खांब परत घाला. नाहीतर मी सही करणार नाही.”

“आपल्याकडं कुठं भूकंप यतोय? आन् सही काय, दुसरा इंजिनिअर दील.”

देईलही, हे मला ठाऊक होतं. म्हणून तर जास्त संताप आला. वर बसणार होती दुसऱ्यांची पोरं.

केडगावच्या माझ्या ऑफिसात मी भूकंपच केला. दोन प्लायवूड, मध्ये गोट्या, आणि वरचा प्लाय मागेपुढे ओढायला भंगारातली वायपरची मोटर. त्यावर काड्यांची आणि पुठ्ठ्याची हीच इमारत, खालच्या मधल्या खांबाशिवाय, वजनाला वाळूच्या पुरचुंड्या. दुसऱ्याकडे जाण्याआधी एकदा बघून जा, म्हणून रावसाहेब आणि त्यांचा कॉन्ट्रॅक्टर पोपट यांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर बटण दाबलं. इमारत मधोमध बसली.

“तुमी मुद्दाम ढिली चिकटवली,” रावसाहेब म्हणाले.

“मग पोपटला करू द्या. गोंद लागेल तेवढा वापरा.”

पुढच्या आठवड्यात पोपटचं मॉडेल आलं. चारी बाजूंनी भिंती, रंग दिलेला, पुढे दारसुद्धा. बटण दाबलं. इमारत थरथरली, पण पडली नाही. रावसाहेबांनी मांडीवर थाप मारली.

मला पटेना. मोबाईलचा टॉर्च लावून दारातून आत पाहिलं. बरोबर मधोमध एक काडी उभी होती. दिसू नये म्हणून काळी रंगवलेली.

“पोपट, ही काडी कशाची?”

तो खाली बघत म्हणाला, “लई करून बघितलं मॅडम. तिच्याबिगर उभंच राहीना.”

“खेळण्याला चोरून खांब घालतोस आणि पोरं बसणार तिथला काढतोस? लाज कशी वाटत नाही?” माझा आवाज बाहेर रस्त्यापर्यंत गेला असेल.

रावसाहेबही भडकले. “मलाच फसवतो व्हय रं?” पोरांचं नावही त्यांच्या तोंडी नव्हतं. त्याचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही.

पण खांब घालायला ते तयार झाले. मुरूम उकरला, वाकवलेल्या सळया कापून नव्या बसवल्या आणि खांब उभा राहिला. वास्तुवाल्यांनी लगेच तोड काढली, खांबाला तांब्याची पट्टी. आता रावसाहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, वास्तुवाल्यांनी दोष घालवला. दसऱ्याला त्या खांबाला झेंडूचा हारही घालतात.

घालू देत. मी मात्र एक शिकले. क्लायंट ऐकत नसेल तर वाद घालू नये, मॉडेल त्याच्याच माणसाला करायला द्यावं. लबाडी उभी करायची म्हटली तरी खांब खराच लागतो.